समितीचा जीआर हातात आला की आधी शेवटचं पान वाचा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ऐरोलीतल्या तुमच्या आणि आजूबाजूच्या जुन्या इमारतींच्या प्रश्नावर शासनाने अभ्यास समिती नेमली, तीन महिन्यांत अहवाल द्यायचा असं जीआरमध्ये लिहिलंय, आता वर्ष होत आलं तरी काही हालचाल दिसत नाही, सोसायटीत अर्धे लोक म्हणतायत जीआर निघाला म्हणजे घरं नियमित झालीच, उरलेले म्हणतायत कागद गुंडाळून ठेवा काही होणार नाही, आणि आता जायचं कुणाकडे तेच कळेना. मी मंत्रालयात लिपिक म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालो, रोज कळवा ते सीएसएमटी, आणि नोकरीतली बरीच वर्षं समित्यांच्याच फायली सांभाळण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी "घरं नियमित झालीच" म्हणणाऱ्यांसाठी. जीआर म्हणजे शासन निर्णय, तो कायदा नाही. खाली "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं असतं ते संविधानाच्या अनुच्छेद 166 मुळे, शासनाचा प्रत्येक आदेश राज्यपालांच्या नावाने निघतो, त्याचा अर्थ विधिमंडळाने काही मंजूर केलं असा होत नाही. सुप्रीम कोर्टाने 1967 सालीच संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सांगून ठेवलंय की जिथे नियम गप्प आहेत तिथे प्रशासकीय आदेशाने जागा भरता येते, पण नियमाच्या विरोधात जाता येत नाही. आणि जीआर जसा निघतो तसाच रद्दही होतो. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवायचे 16 एप्रिल आणि 17 जून 2025 चे दोन जीआर आठवत असतील, जून संपता संपता दोन्ही मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यासाठी विधानसभेत मतदान लागलं नाही, नवा जीआर काढला की झालं.

तुमच्या शेजारचंच उदाहरण बघा, दिघ्यातल्या अनधिकृत इमारतींचं. त्या इमारतींच्या वेळी अनधिकृत बांधकामं नियमित करायचं धोरण शासनाने हायकोर्टापुढे ठेवलं, 2016 मध्ये कोर्टाने ते मान्य केलं नाही, मग 2017 मध्ये प्रादेशिक व नगररचना कायद्यातच दुरुस्ती करून कलम 52अ घालावं लागलं, तेही 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांपुरतं. म्हणजे नियमित करणं हा विषय जिथे कायद्याला हात लावायला लागतो तिथे नुसत्या जीआरने भागत नाही, आणि तुमच्या हातात तर फक्त समिती नेमल्याचा जीआर आहे. त्या भरवशावर कुणी घराचा सौदा करत असेल तर कृपा करून त्याला थांबवा, ही गोष्ट मी अगदी हात जोडून सांगतोय, कारण एजंट लोक असलाच कागद दाखवून भाव वाढवतात आणि घेणारा बिचारा अडकतो.

आता "काही होणार नाही" म्हणणाऱ्यांसाठी. समितीतून काम होतं, मी होताना बघितलंय. आपल्या जिल्हा परिषदा कुठून आल्या? 1960 साली वसंतराव नाईक समिती नेमली, 1961 मध्ये अहवाल आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. दोन वर्षांच्या आत अख्ख्या राज्याचा कारभार बदलला. तेव्हा समिती नेमली की विषय मेला असं म्हणणं बरोबर नाही, विषय मरतो तो मागे कुणी लागत नाही म्हणून.

मागे लागायचं कसं, तर आधी तो जीआर नीट वाचायला शिका. तुमच्याकडे व्हॉट्सॲपवर आलेला पहिल्या पानाचा फोटो असणार, तो बाजूला ठेवा. शासनाच्या वेबसाइटवर जाऊन पूर्ण पीडीएफ काढा. प्रत्येक जीआरला 18 आकडी संकेतांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष महिना तारीख, ती जीआरच्या तारखेशी जुळते किंवा एखाद दिवस इकडेतिकडे, आणि शेवटचे दोन आकडे विभागाचे, नगर विकासचे 25, सामान्य प्रशासनचे 07, वित्तचे 05. संकेतांकच नसेल किंवा साइटवर टाकून सापडत नसेल तर त्या कागदावर पुढे वेळ घालवू नका.

खरा निघाला तर शेवटच्या पानापासून सुरू करा. सगळे लोक "प्रस्तावना" वाचतात, तिथे नागरिकांच्या मागण्या वगैरे छान लिहिलेलं असतं, कामाचं सगळं मागे असतं. शेवटी "प्रत" म्हणून यादी असते, कुणाकुणाला हा जीआर पाठवला त्याची. तुमचे महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी त्या यादीत आहेत का बघा. नसतील तर तुम्ही पालिकेत कितीही खेटे घातले तरी तिथला माणूस "आम्हाला काही आलेलं नाही" म्हणेल आणि तो खोटं बोलत नसेल. त्याच्या वर वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक दिसतोय का बघा, खर्चाचा विषय असून तो नसेल तर पैशाची वाट अजून बघायची आहे.

मग मधल्या पानावर "समितीची कार्यकक्षा", तिथले क्रियापद बघा. "अभ्यास करून शिफारस करणे" लिहिलं असेल तर ती समिती तुम्हाला काही देऊ शकत नाही, ती फक्त सांगणार. "संनियंत्रण करणे" असेल तर निर्णय आधीच झालेला आहे आणि ही नुसती देखरेख. "निर्णय घेणे" किंवा "मान्यता देणे" असेल तरच तिच्याकडे अधिकार आहे. तुम्ही लिहिलंय तसं "अभ्यास समिती" असेल तर पहिला प्रकार. अहवाल आल्यावरही तो विभागात जाणार, त्याची फाइल होणार, विधी व न्यायकडे जाईल, वित्तकडे जाईल, विकास नियंत्रण नियमात बदल करायचा असेल तर त्याच नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली जाहीर सूचना, हरकती-सूचना, हे सगळं पुढे आहेच. लांबचा रस्ता आहे, पण रस्ता आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सदस्यांच्या यादीत अध्यक्ष कोण ते सगळे बघतात, मंत्री असले तर त्यांच्या बंगल्यावर निवेदन घेऊन जातात, हार घालतात, फोटो काढतात. यादीत अगदी खाली एक ओळ असते, "सदस्य सचिव". तुमची सगळी भिस्त त्या ओळीवर आहे. बैठकीची नोटीस तो काढतो, विषयपत्रिका तो करतो, इतिवृत्त तो लिहितो, अहवालाचा मसुदाही त्याच्याच टेबलावर तयार होतो. अध्यक्षांची तारीख मिळाली नाही तर स्मरणपत्र द्यायचं की गप्प बसायचं हेही त्याच्याच हातात.

बरीच वर्षं झाली, खारेगावचे एक काका माझ्याकडे आले होते, साठीच्या पुढचे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात जीआरची झेरॉक्स, घड्या घालून घालून मधोमध फाटलेली आणि मागून सेलोटेप लावलेली. पहिलं पान लाल पेनाने अधोरेखित केलेलं, पुढची पानं कोरी करकरीत. दीड वर्ष ते अध्यक्षांच्या कार्यालयात जात होते, दरवेळी अर्जावर "उचित कार्यवाहीस्तव" असा शेरा मारून घ्यायचे आणि घरी यायचे. मी तिसरं पान उलटलं, खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं काका, ह्यांना भेटा. ते पद नवी मुंबईतल्या एका कार्यालयातलं होतं, ट्रेनने गेले दुसऱ्याच दिवशी. संध्याकाळी फोन आला, म्हणाले साहेब म्हणतात मला ह्या समितीचं काही माहितीच नाही.

झालं असं होतं की जीआरमध्ये सदस्य सचिव पदनामाने नेमलेला असतो, नावाने नाही. जे आधीचे अधिकारी होते त्यांची बदली झाली, चार्ज देताना फायलींची यादी दिली पण "मी अमुक समितीचा सदस्य सचिव आहे" हे कुठे लिहिलंच नाही, नवीन अधिकाऱ्याला कळायचा मार्गच नव्हता. समिती कागदावर जिवंत, पण तिला चालवणारा माणूस आपण चालवायचं आहे हेच जाणत नाही. काकांनी ती सेलोटेपवाली झेरॉक्स त्यांच्या समोर ठेवली, त्यांनी तिथेच तिची कॉपी काढून घेतली आणि महिन्याच्या आत बैठकीची नोटीस निघाली. त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी चार्ज देताना समित्यांची वेगळी यादी जोडायला लागलो, आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही तेच शिकवलं. दीड वर्ष एका म्हाताऱ्या माणसाचं फुकट गेलं ते मला अजून टोचतं.

तर ताई, तुम्ही आधी त्या पदावर आज कोण बसलंय ते शोधा, आणि लेखी अर्ज जीआरच्या पूर्ण झेरॉक्ससकट टपाल शाखेत द्या, आवक क्रमांकासकट पोच घ्या. बहुतेक समित्यांच्या जीआरमध्ये एक कलम असतं की अध्यक्षांना गरजेप्रमाणे निमंत्रित सदस्य बोलावता येतील. त्याचा उल्लेख करून लिहा की आमच्या सोसायट्यांचे दोन प्रतिनिधी म्हणणं मांडायला बोलवा. सोबत दोन पानांची माहिती द्या, इमारत कुठल्या वर्षाची, किती घरं, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमीन कुणाच्या नावावर, असा साधा तक्ता. मोठमोठी निवेदनं कुणी वाचत नाही हो, तक्ता मात्र जसाच्या तसा अहवालात जातो, हे मी स्वतः अहवाल टाइप करताना केलेलं आहे.

मुदतीचं म्हणाल तर तीन महिने संपले की समितीला मुदतवाढ द्यावी लागते आणि तिचाही वेगळा आदेश निघतो. मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं बघा, सप्टेंबर 2023 मध्ये मराठवाड्यापुरती नेमली होती, नंतर कार्यकक्षा राज्यभर केली, मुदतवाढही मिळाली. नव्या आदेशात वर "वाचा" म्हणून जुन्या जीआरचा क्रमांक आणि तारीख दिलेली असते, त्यावरून साखळी जोडता येते. तुमच्या समितीचा मुदतवाढीचा आदेश साइटवर सापडला नाही तर अर्जात तेच विचारा, की मुदत संपली असून मुदतवाढ दिल्याचं दिसत नाही, समिती आज अस्तित्वात आहे का.

पंधरावीस दिवस वाट बघा, उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. दहा रुपये फी, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, म्हणून गोष्ट सांगत बसू नका. जीआरचा क्रमांक तारीख लिहा आणि मागा: झालेल्या बैठकांच्या तारखा, इतिवृत्तांच्या प्रती, मुदतवाढीच्या आदेशांच्या प्रती, अहवाल सादर केला असल्यास त्याची तारीख. "का उशीर झाला" असं विचारलंत तर "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" म्हणून अर्ज परत येईल, कागद मागा, कारण मागू नका. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी कलम 6(3) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. तीस दिवसांत उत्तर, नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अर्जात एक ओळ घाला की कलम 4(1)(ख) प्रमाणे समित्यांची माहिती आणि त्यांची इतिवृत्तं जनतेला पाहायला मिळतात का हे कार्यालयाने आपणहून जाहीर करायचं असतं. अहवालाची प्रत कदाचित नाकारतील, मंत्रिमंडळापुढचे कागद निर्णय होईपर्यंत देत नाहीत, पण बैठका कधी झाल्या हे लपवायला कुठलंही कलम नाही, आणि तुम्हाला आत्ता तेवढंच हवंय.

अहवाल विभागात पोचला असं कळलं तर 2005 चा विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा कामाला येतो, सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा तोच कायदा, त्याचं कलम 10. एका टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, दुसऱ्या विभागाला विचारायचं नसेल तर 45 दिवसांत निर्णय, विचारायचं असेल तर तीन महिन्यांत. कोर्टात असलेले विषय आणि मोठे धोरणात्मक निर्णय यातून वगळलेत, त्यामुळे ते कारण पुढे करतील, तरी पत्रात कलम लिहिलेलं असलं की टिपणी लिहिणारा जरा सावध होतो आणि फाइल निदान पुढच्या टेबलावर सरकवतो.

आणि हे सगळं एकट्याने करू नका, सोसायटीतल्या दोनतीन जणांनी वाटून घ्या, एकाने पोचपावत्यांची फाइल ठेवायची, तारखा वहीत लिहायच्या. तुमच्या जीआरचं सदस्यांची यादी असलेलं पान आणि शेवटचं पान इथे टाका, मी बघून सांगतो कुठल्या टेबलावर जायचं ते.