वारसांचं जुनं घर घेताय? कौलं उतरवण्याआधी मिळकत पत्रिकेवरचं नाव बघा

नमस्कार. तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. सांगलीच्या गावभागात जुनं दुमजली घर, विकणारे भाऊ-बहिणी, मिळकत पत्रिकेवर (सिटी सर्व्हे कार्यालयातला मालकीचा उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड) अजून त्यांच्या वारलेल्या वडिलांचंच नाव, एजंट म्हणतोय "नोंद मागाहून होते, तुम्ही काम सुरू करा". आणि तुम्ही विचारताय, भाड्याने द्यायच्या खोल्यांना टाइल कुठली लावू. टाइलचं मागाहून बघू. आधी नाव.

सर्च रिपोर्ट (जुने दस्त तपासून वकील देतो तो अहवाल), बोजा म्हणजे घरावरचं कर्ज, घरपट्टीची थकबाकी हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही.

मी असंच वारसांचं जुनं घर घेतलं तेव्हा सगळ्या वारसांनी खरेदीखतावर सह्या केल्या होत्या. मुद्रांक शुल्क पूर्ण भरलेलं, दस्त नोंदवलेला. अडलं ते पत्रिकेवर नाव चढवताना. कार्यालय कोणतं, कुठल्या गावचं, ते लिहीत नाही. आधी म्हणाले, मृत्यू दाखल्यावरचं नाव वेगळं आहे. घरात ज्या नावाने हाक मारायचे तेच जुन्या काळी पत्रिकेवर चढलं होतं. प्रतिज्ञापत्र दिलं. मग म्हणाले, बेळगावला दिलेल्या बहिणीचा जबाब समक्ष हवा. तिने दस्तावर फोटो-अंगठ्यासह सही केली होती, तरी ती म्हातारी बाई एसटीने येऊन जबाब देऊन गेली. मग साहेब दौऱ्यावर. मग साहेबांची बदली, आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून. यातली एकही त्रुटी त्यांनी कधी कागदावर लिहून दिली नाही. याचा मला आजही संताप येतो. एकदा लिहून दिलं असतं तर सगळं एका दमात पुरं केलं असतं.

इकडे बँकेने दुरुस्तीच्या कर्जाचा पुढचा हप्ता पत्रिकेवर नाव येईपर्यंत रोखला. कौलं उतरवलेली, वासे उघडे, आणि पाऊस सुरू झाला. ताडपत्री कुठवर पुरणार? चुन्यात बांधलेल्या भिंती वरपासून खालपर्यंत पाणी प्यायल्या. गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेला. कॉलेजचे प्रवेश संपले, म्हणजे त्या वर्षाचे भाडेकरू गेले. व्याज मात्र चालू.

म्हणून माझं ठाम मत: विकणाऱ्यांची वारस नोंद त्यांनीच, त्यांच्या खर्चाने, आधी करून द्यायची. तोवर इसारापुढे एक रुपया नाही. साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, तशी अट आणि मुदत घाला. एखादी बहीण हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, नोटरीच्या शिक्क्याचा कागद स्थावराला चालत नाही. "बहिणींचं काही नाही हो" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. मी वकील नाही, कागद तुमच्या वकिलाला दाखवाच.

अर्ज तुम्हालाच करायची वेळ आली तर टेबलावर ठेवून येऊ नका. बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. तोंडी त्रुटी सांगितली की त्याच दिवशी "आपण तोंडी असे सांगितले" म्हणून पत्र द्या. तरी हलत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका आणि फाइलवरच्या टिपणीची नक्कल मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. माझी फाइल त्या अर्जानंतरच हलली. एजंट म्हणतील, अशाने साहेब चिडतात. चिडू देत.

आता घर. विकणारा म्हणतो म्हणून "2019 ला पाणी पायरीपर्यंतच होतं" हे मानू नका. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2005 आणि 2021 लाही शहरात पाणी आलं. समोरच्या किराणावाल्याला विचारा, शेजारच्या भिंतींवरच्या खुणा बघा. पाणी येत असेल तर खालचा मजला भाड्याच्या खोल्यांसाठी धरूच नका, गाड्या लावायला ठेवा. मीटर, बोर्ड, सॉकेट वर घ्या, वायरिंग छताकडून खाली आणा. प्लायवूडची कपाटं नकोत, कडाप्प्याचे कप्पे करा. शहाबादी फरशी चांगली असेल तर उखडू नका, पुरानंतर धुतली की झालं. आणि ओल्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा टाइल लावायला कोणी घाई करत असेल तर ऐकू नका. आतली ओल कोंडते, खार फुटतो, पोपडे पडतात. जुना गिलावा खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. भाडं उशिरा सुरू होईल, होऊ दे.

भाडेकरूचं म्हणाल तर विद्यार्थ्यांपेक्षा मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्स आणि टेक्निशियन मला बरे वाटतात. उन्हाळ्यात खोली रिकामी पडत नाही. हा माझा अनुभव, तुमच्या गल्लीत वेगळं असू शकेल. 11 महिन्यांचा करारही नोंदवायलाच लागतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकावर आहे आणि न केल्यास शिक्षेची तरतूद आहे. नोंदवलेला नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी आधी धरल्या जातात, खोट्या ठरवायचं ओझं तुमच्यावर.

आणखी एक, हिशेब मांडताना लागेल: प्राप्तिकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी आणि मग 30 टक्के ठोक वजावट मिळते. दुरुस्तीची बिलं वेगळी वजा होत नाहीत. तरी बिलं जपून ठेवा, पुढे घर विकताना सुधारणेचा खर्च दाखवायला लागतात.

आता पत्रिकेची ताजी नक्कल काढा आणि त्यावर शेवटचा फेरफार (मालकीतल्या बदलाची नोंद) कोणत्या वर्षाचा आहे ते इथे लिहा. माणसांची नावं टाकू नका. ते कळलं की कोणते कागद लागतील ते सांगते. तोवर कौलं उतरवू नका.