आधी तासांचा हिशेब, मग पैशांचा

प्रिय बाय,

पत्र मिळालं. सेवाभावी संस्थांचे पगार आणि पाळ्या नियमात बसवून द्यायचं काम तू घेतलंस, आणि पहिल्याच बैठकीत ट्रस्टींनी तुला ऐकवलं, “आम्ही धर्मादाय संस्था, आम्हाला कसलं किमान वेतन?” हे वाक्य तुला गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकू येणार आहे, तेव्हा उत्तर तयार ठेव.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे वेतन अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, रोजगारांनाच होतं, त्यामुळे संस्थांना वाद घालायला थोडी जागा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता हा नवा कायदा लागू झाला आणि अनुसूची गेली. कोणी तुला औद्योगिक संबंध संहितेचं, म्हणजे मालक-कामगार संबंधांच्या वेगळ्या कायद्याचं, पान दाखवील. तिथे ‘उद्योगा’च्या व्याख्येतून धर्मादाय काम वगळलंय हे खरं, पण ते तंटे आणि कामगारकपातीसारख्या गोष्टींपुरतं. वेतन संहितेत धर्मादाय म्हणून सूट नाही. ‘परवडत नाही’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच नाकारलाय आणि १९८२ च्या एशियाड खटल्यात, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेल्या कामाला वेठबिगारीत धरलंय. कागदावर पगाराला मानधन लिहिल्यानेही काही बदलत नाही. एवढं सांगून थांब. ट्रस्टींना घाबरवून काम होत नाही. बहुतेक जण पदरमोड करणारी सज्जन माणसं असतात आणि त्यांना खरोखरच वाटतं की सेवेत तास मोजायचे नसतात.

म्हणूनच सुरुवात पैशांपासून करू नकोस. हजेरीपट माग.

समज, फोंड्याजवळ एक वृद्धाश्रम आहे. एका खोलीकडे चोवीस तास कुणीतरी लागतं. दोन बायका आलटून पालटून बारा-बारा तास करतात, ठोक रक्कम घेतात. आठवड्याचे तास १६८, म्हणजे प्रत्येकीचे ८४. नेहमीचे ४८ सोडले तर ३६ तास जादा, आणि जादा तासाला दर दुप्पट. म्हणजे प्रत्येकीला १२० तासांचे पैसे द्यायला हवेत, दोघींना २४०. साप्ताहिक सुट्टी बुडते तो गुन्हा वेगळाच. आता तेच १६८ तास ४८ ने भाग. साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण धरून चार. चौघींचे पगार १९२ तासांचे. म्हणजे नियमाने चाललं तर चार माणसं दोघींपेक्षा स्वस्त पडतात. दोन माणसांत भागतं असं आजवर वाटत होतं, कारण ते जादा तास कुणी मांडलेच नव्हते. हे गणित मी कित्येक कार्यकारिणींपुढे फळ्यावर लिहिलंय. आकडे पाहिल्यावर आवाज खाली येतात.

पाळ्या बदलण्याआधी त्या बायकांशी मात्र बोल. जी नियमाने ओव्हरटाइम घेते तिच्या हातात येणारे पैसे घटतील, आणि ती सरळ कळंगुटच्या एखाद्या हॉटेलात जाईल. गणेश चवथीच्या आठवड्याचं वेळापत्रक तर दोन महिने आधी भिंतीवर लागलं पाहिजे. त्या दिवसांत सगळ्यांनाच घरी जायचं असतं, आणि ऐनवेळी जी थांबते तिच्याच माथी सगळे जादा तास पडतात. पगारी माणसाला तेच काम संध्याकाळी ‘स्वयंसेवा’ म्हणून करायला लावू देऊ नकोस. जेवण-राहणं देतो म्हणून परस्पर पगार कापणंही बंद. कायद्याने दिलेल्या कारणांपलीकडे वजावट नाही.

मग पैसे. शंभर रुपये पगार म्हणजे खर्च शंभर नव्हे. वीस माणसांची संस्था असेल तर पीएफचे संस्थेच्या वाट्याचे सगळे मिळून १३, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) लागू असेल तर ३.२५, आणि नोकरी सुटताना द्यायच्या ग्रॅच्युइटीची तरतूद जवळपास ४.८. म्हणजे १२१. आणखी एक: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, तेव्हा मूळ पगार लहान ठेवून भत्ते फुगवायची जुनी युक्ती संपली. बोनस मात्र नफ्यासाठी नसलेल्या समाजकल्याण संस्थांना लागू नाही. ट्रस्टींना द्यायला ही एक तरी चांगली बातमी.

हे १२१ देणगीदाराच्या अर्जात लिहायची लाज वाटते, खरी अडचण तिथेच आहे. वेर्ण्याच्या एखाद्या कंपनीचा सीएसआर अधिकारी, म्हणजे कंपनीचा समाजकार्याचा निधी पाहणारा, म्हणेल, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. नम्रपणे सांग, की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, आणि प्रकल्पावर थेट होणारा खर्च त्यात येतच नाही. आजीला अंघोळ घालणारी बाई हाच प्रकल्प आहे. परदेशी देणगीतही २०२० नंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा वीस टक्क्यांवर आलीय, पण रुग्णालयातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात मोजायचा नसतो. पुष्कळ संस्था भीतीपोटी सगळेच पगार प्रशासनात टाकतात आणि मग मर्यादेत बसत नाही म्हणून तेच कापतात.

तीन वर्षांचा करार असेल तर त्यात वाक्य घालून घे: वेतनदर किंवा महागाई भत्ता वाढला की पगाराची ओळ तेवढी वाढेल. किमान वेतनात मूळ दर आणि बदलता महागाई भत्ता असे दोन भाग असतात, आणि दुसरा भाग महागाईच्या निर्देशांकासोबत सरकत राहतो. अर्ज लिहिताना आजचाच दर धरला तर दुसऱ्या वर्षी खड्डा पडणार. चालू दर पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनातून, कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून घे, कुणाच्या व्हॉट्सअॅपवरून नको. एकाच दात्यावर उभं राहण्याचं काय होतं ते खाणपट्ट्यातल्या लोकांना २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर कळलंय, त्यांनाच विचार.

एवढं करूनही जमत नसेल तर एखादा उपक्रम कमी करायला सांग. संगणक वर्ग वर्षभर बंद राहिला तर कुणाचं पोट मारलं जात नाही. हिशेबनीस दोन-तीन शेजारच्या संस्थांनी मिळून ठेवावा. मी अशी मांडणी नीट चाललेली पाहिलीय, फक्त कुणाचे किती दिवस हे लेखी हवं.

आणि मागचं? थकबाकीचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, वर दहा पटींपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तेव्हा थकबाकी काढून हप्ते ठरवा आणि प्रत्येक हप्त्याची सही घ्या.

म्हापशाच्या संस्थेचे गेल्या बारा महिन्यांचे हजेरीपट घेऊन ये. रात्रपाळीची वही वेगळी असते, ती आठवणीने माग. बहुधा स्वयंपाकघरात ठेवलेली असेल.

तुझा,
काका