आफ्रिकन लेखक कायम गोऱ्यांवरच लिहितात का?

प्रश्न: नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची कादंबरी 'थिंग्ज फॉल अपार्ट' वाचली, आवडली. पण आफ्रिकन लेखक कायम गोऱ्या साहेबावरच लिहितात का? पुढे काय वाचू?

उत्तर: अहो नाही हो, ती कादंबरी १९५८ची, तेव्हा नायजेरियात साहेब अजून होताच, त्यामुळे तो येणारच ना. पण साहेब गेल्यावर आपलेच लोक खुर्चीत बसले आणि मग लेखकांनी त्यांनाही सोडलं नाही. केनियाचे न्गुगी वा थिओंगो बघा, १९७७ मध्ये त्यांनी गावातल्या शेतकरी-कामगारांना घेऊन गिकुयू या तिथल्या लोकांच्या भाषेत नाटक बसवलं, विषय काय तर गरिबाची जमीन श्रीमंत कशी लाटतो, आणि ते बघायला लोकांची ही गर्दी व्हायला लागली, मग काय, सरकारने प्रयोग बंद केले आणि वर्ष संपता संपता न्गुगींना खटला न चालवताच आत टाकलं. इंग्रजीत ते आधीपासून लिहीत होतेच, पण लोकांच्या भाषेत बोलले की जास्त झोंबतं. तुरुंगात त्यांनी चक्क टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली!

तुम्ही मात्र सुरुवात सेनेगलच्या मारियामा बा यांच्यापासून करा. १९७९ची छोटीशी फ्रेंच कादंबरी आहे, इंग्रजीत 'सो लाँग अ लेटर' नावाने मिळते. नवरा वारलाय, बाई सुतकात बसून मैत्रिणीला पत्र लिहितेय, आणि या नवऱ्याने २५ वर्षांच्या संसारानंतर मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरं लग्न केलेलं. यात गोरा साहेब शोधूनही फारसा सापडणार नाही.