सिक्युरिटी प्लसचे ७५० म्हणजे ८३ टक्के नव्हे

कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस ही सायबर सुरक्षेची प्रमाणपत्र परीक्षा पहिल्यांदाच देत असाल, तर पास व्हायला ९०० च्या पट्टीवर ७५० लागतात म्हणून ७५० भागिले ९०० हा हिशेब आधी डोक्यातून काढा. ही पट्टी शून्यापासून नाही, १०० पासून सुरू होते आणि गुण स्केल केलेले असतात, म्हणजे बरोबर उत्तरांची सरळ बेरीज नसते. त्यामुळे ‘किती प्रश्न चुकले तर चालतील’ याला ठाम उत्तर नाही. शिवाय काही प्रश्न फक्त ते प्रश्नच पारखून पाहण्यासाठी घातलेले असतात. त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते ओळखताही येत नाहीत.

वेळ ९० मिनिटं, प्रश्न जास्तीत जास्त ९०. खरी गोची होते ती पीबीक्यूंमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवायच्या प्रश्नांत. ते बहुधा सुरुवातीलाच येतात आणि तिथेच वीस-पंचवीस मिनिटं जातात. त्यांना फ्लॅग लावा, बहुपर्यायी प्रश्न उरका, मग परत या. काही पीबीक्यूंना अंशतः गुण मिळतात. समजा फायरवॉलचे चार नियम भरायचे आहेत आणि तीनच येतात, तरी ते तीन नीट भरा, चौथ्यात अंदाज घाला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, मग कोरं का सोडायचं?

एसवाय०-७०१ मध्ये, म्हणजे या परीक्षेच्या या आवृत्तीत, सिक्युरिटी ऑपरेशन्सचा वाटा सर्वात मोठा, २८ टक्के. लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी, वाचायचा सराव तिथे कामी येतो.

सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेच्याच दुसऱ्या परीक्षेला मात्र फ्लॅग लावून परत यायची युक्ती चालत नाही. ती परीक्षा अ‍ॅडॅप्टिव्ह आहे. आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो, त्यामुळे उत्तर देऊन पुढे गेलात की मागे फिरता येत नाही.