तुडतुड्यांची फवारणी आणि खालच्या तलावातले मासे

भंडारा-गोंदियातून आलेले दोन प्रश्न एकत्रच घेतो. धानकरी विचारतात: धान निसवले (लोंब्या बाहेर पडल्या), रस शोषणारे तुडतुडे चढलेत, कृषी केंद्रवाला दोन औषधे मिसळून मारा म्हणतो, मारू का? खालच्या तलावावरची ढिवर (मासेमार) बांधवांची मत्स्य संस्था विचारते: वरच्या बांध्यांचे (धानाच्या बांधलेल्या शेतांचे) पाणी उतरले की मासे तोंड वर काढतात, मरून तरंगतात. उपाय काय?

दोन्हींचे मूळ एकच. आपले मामा (माजी मालगुजारी) तलाव साखळीने बांधलेले आहेत. वरचा सांडवा वाहिला की पाणी बांधीबांधीने उतरत खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, तिथून पुढच्या तलावात जाते. तुमच्या बांधीत पडलेले औषधही त्याच वाटेने जाते.

आधी चूड (धानाचे एक बेट) वाकवून बुंधा पाहा. एका चुडात 5 ते 10 तुडतुडे दिसत नसतील तर फवारू नका. दिसले तर आधी बांधीतले पाणी काढून तीन-चार दिवस जमीन सुकू द्या. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच जोर ओसरतो. नाहीच ओसरला तर बुप्रोफेझिन किंवा पायमेट्रोझिन, एकच औषध, लेबलवरच्या मात्रेत, नोझल बुंध्याशी धरून मारा. तुडतुडा बुंध्याला बसतो. शेंड्यावर मारलेले औषध वाया जाते. ओलावा टिकून असेल तर मेटारायझियम ही किडीवरची बुरशी हेक्टरी अडीच किलो वापरा, मी तेच आधी सुचवेन.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा (लॅम्डा-सायहॅलोथ्रिन) या कीटकनाशकांना हात लावू नका. दुकानदार हेच पुढे करतो, कारण किडा लगेच पडलेला दिसतो. पण कोळी आणि मिरीड ढेकूण हे मित्रकीटकही मरतात, मग तुडतुडे दुपटीने उसळतात. आणि माशांना ही औषधे अगदी थोड्या मात्रेतही जहाल. दुकानदाराने सांगितले म्हणून दुप्पट मात्रा नको. दोन औषधांचे मिश्रण नको. आभाळ भरलेले असताना फवारणी नको. पाणी सोडायचे ते फवारणीच्या आधी. फवारल्यावर बांधीचे तोंड बंदच ठेवा. घरात फोरेट या दाणेदार कीटकनाशकाची जुनी थैली असेल तर ती उघडूही नका, त्याच्या वापरावर 31 डिसेंबर 2020 नंतर पूर्ण बंदी आहे.

तुडतुडे इतके चढतात ते युरियामुळे. नत्र तीन हप्त्यांत द्या: अर्धे रोवणीला, पाव फुटव्यावर, पाव लोंबी धरताना. धान हिरवेगार दिसावे म्हणून चौथा हप्ता कोणी सांगितला तरी देऊ नका. आणि पुढच्या रोवणीला पट्टा पद्धत कराच: दर दहा ओळींनंतर फूटभर मोकळी जागा. हवा खेळते, ऊन बुंध्यापर्यंत पोचते, फवारणाऱ्यालाही चालता येते. दहा शेतकऱ्यांना सांगितले तर दोघे करतात, आणि तुडतुडे त्या दोघांकडेच कमी असतात.

तलावाच्या पाळीवरच्या (बांधावरच्या) बेशरम या झुडपावर तणनाशक मारू का, असेही कोणी विचारले आहे. नाही. कुजलेला पाला पाण्यातला प्राणवायू खातो. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर मुळासकट उपटा आणि पाळीपासून दूर वाळवा; ओल्या मातीत पडलेला तुकडा पुन्हा फुटतो.

तलावातल्या गाळाबद्दल: तो काढून शेतात टाकण्याच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकांना एकरी 15,000, अडीच एकरांना 37,500 रुपयांपर्यंत मदत आहे. मागणी ग्रामपंचायतीत द्या.

मत्स्य संस्थेने मासे तोंड काढताना दिसताच वरच्या तलावाचे तुडुम (पाणी सोडायचे दार) बंद करून घ्यावे, स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना भरून त्याच दिवशी मत्स्य विभागाला कळवावे. मेलेले मासे विकू नका, घरीही खाऊ नका.