आगोटीच्या तोंडावर फ्रीजचा हप्ता?

हर्णैजवळच्या वाडीतून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा बोटीवर खलाशी, मुलं दीड आणि चार वर्षांची. गेल्या पावसाळ्यात धाकट्याला दोनदा जुलाब झाले. एरवी मोसमात महिन्याला 3,000 रुपये बाजूला पडतात, पण यंदा घराच्या दुरुस्तीत बरेच गेले आणि हातात 15,000 उरलेत. 12,000 चा फ्रीज 1,200 च्या 10 हप्त्यांवर आत्ता मे महिन्यात, आगोटीच्या म्हणजे पावसाळा लागण्याच्या तोंडावर घ्यावा का?

ताई, लहान मुलांच्या घरात फ्रीज ही चैन नाही. पण आत्ता घेऊ नका.

1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, म्हणून बोटी बंद. पुढे पहिला पैसा हातात यायला अर्धा ऑगस्ट जातो. किराणा, दूध, अंडी, गॅस, वीज मिळून महिन्याला 6,000 लागतात असं तुम्हीच लिहिलंय. अडीच महिन्यांचे झाले 15,000, म्हणजे आहेत तेवढे सगळे. त्यात जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते 3,600. हप्ता थांबत नाही, मग दूध आणि अंडी थांबतात. अशा घरांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. आधी अर्धा लिटरचं पाव लिटर होतं, मग बोटमालकाकडून उचल घेतली जाते, आणि पुढचा मोसम ती फेडण्यात जातो.

शिवाय पावसात वीज किती टिकते? 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वीज गेल्यावर दार न उघडलेला फ्रीजही चारेक तासच गार राहतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: सकाळचा भात-कालवण रात्रीपर्यंत चुलीशेजारी, आणि पाणी विहिरीचं, नुसतं गाळलेलं. जुलाबाचं मूळ मला तिथे दिसतं. मुलांपुरता मूठभर भात संध्याकाळी वेगळा लावा. शिजवलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर त्यांना देऊ नका. पाणी खळखळ उकळू द्या, झाकून ठेवा, ओगराळ्यानेच काढा. भरवण्याआधी हात साबणाने धुवा. वाट्याचा बांगडा घरी येईपर्यंत बर्फातच हवा, कारण उन्हात राहिलेल्या बांगड्यात तयार होणारं विष शिजवूनही जात नाही. जुलाब झालेच तर ओआरएस आणि 14 दिवस झिंक. आशाताईंकडे आधीच मागून ठेवा.

रेशनकार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी 5 किलो धान्य मोफत मिळतं, चौघांचं 20 किलो. ते एकही महिना चुकवू नका. धाकट्याचा घरी न्यायचा आहार आणि थोरल्याचं गरम जेवण अंगणवाडीतून मिळतंय ना, तेही बघा. सुका जवळा आणि बोंबील आत्ताच कडक वाळवून हवाबंद डब्यात भरा.

फ्रीज सप्टेंबरमध्ये घ्या, 9 हप्त्यांवर. महिन्याला साधारण 1,335. उरलेले 1,665 बचत गटात टाका, मेपर्यंत पुढच्या आगोटीचे 15,000 पुन्हा जमतील. शेवटचा हप्ताही मेमध्येच फिटेल. दुकानदार ‘शून्य टक्के’ म्हणाला तर प्रोसेसिंग फी किती, ते सहीआधी कागदावर लिहून घ्या.