एकावरच का थांबतात लोक?

प्रश्न : माझ्या आजीला आठ भावंडं, आईला चार, मला एकच भाऊ आणि आम्हाला एक मुलगी. दुसरं नको असं आम्ही दोघांनी ठरवलंय. घरातली मोठी माणसं म्हणतात आजकालची पिढी स्वार्थी झालीय. खरंच असं आहे का ताई?

उत्तर : स्वार्थच म्हणायचा तर तो आधीही होताच की, फक्त हिशोब उलटा होता. सात-आठ वर्षांचं पोर गुरं राखायचं, धाकट्याला सांभाळायचं, म्हातारपणी तेच आधार, पेन्शन कुठली आलीय! शिवाय जन्मलेल्यातली जगतील किती याचा भरवसा नाही. १९५० च्या आसपास जगात चार-पाच मुलांमागे एक पाच वर्षांचं व्हायच्या आतच जायचं, आता शंभरात चारसुद्धा जात नाहीत.

आता मूल वीस-पंचवीस वर्षं शिकतं आणि तोवर सगळा खर्चच, म्हणून लोक दोन-तीन मुलांत वाटायचं ते एकावरच लावतात. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६० मध्येच असं काहीसं मांडलं होतं. काहीजण सगळं खापर गर्भनिरोधक गोळीवर फोडतात, पण ती बाजारात आली १९६० ला आणि फ्रान्समध्ये जन्म कमी व्हायला लागले ते अठराव्या शतकाच्या शेवटी, म्हणजे कमी मुलं हवीत हे आधी ठरलं, गोळी मागून आली.

मला विचाराल तर खरी गोम वेगळीच आहे. शिक्षण, नोकरी, मग लग्न, पहिलं मूल तिशी उलटल्यावर, आणि दुसऱ्याचा विषय निघतो तेव्हा दोघंही दमलेले असतात. कमावतात दोघं, पण मुलाला ताप आला की रजा कोण टाकतं? बहुतेक वेळा आईच. दक्षिण कोरियात लोकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत म्हणून सरकारने इतका पैसा ओतला तरी २०२३ मध्ये बाईमागे सरासरी ०.७२ मूल, लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतात. चीनने २०२१ ला तीन मुलांची परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी तिथली लोकसंख्या घटली. ज्यांना नकोय त्यांना परवानगीचा काय उपयोग?

घरात वाद घालत बसू नका. आजी असेल तर तिला एकदा सहज विचारा, नऊ पोरं झाली त्यात तिच्या आईला, अजून हवंय का, असं कुणी कधी विचारलं होतं का.